घरच्या घरी ध्वनिमुद्रण : स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोनचा सदुपयोग

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाने इयत्ता दुसरीच्या मुलांसाठी श्रुतलेखनाचे शब्द घरी बसून मोबाइल फोनवर मुद्रित केले व पालकांच्या फोनवर पाठविले. आठवड्याभरात वह्यांची छायाचित्रे फोनवर येऊ लागली. 'भात' ह्या शब्दाच्या जागी अनेक मुलांनी 'बात' लिहिले होते. 'धार'चे 'दार' झाले होते आणि 'घार'चे 'गार'. हीच मुले वर्गात हे शब्द बिनचूक लिहीत असत. प्रथम वाटले, मुलांनी लक्ष दिले नसावे. मग एका पालकाच्या फोनवर तो पाठ स्वतः ऐकला, आणि चूक कोणाची ते उमगले. पंखा फिरत होता, पत्र्याच्या खोलीत शब्द घुमत होता, आणि श्वासाचा जो बारीक झोत 'ब'चा 'भ' करतो, तो पंख्याच्या घरघरीत विरून गेला होता. मुलांनी जे ऐकले, ते अगदी बरोबर लिहिले होते.

आज शाळा नेहमीप्रमाणे भरतात. तरीही कविता, गोष्टी, पाढे व श्रुतलेखन मुद्रित करून मुलांस ऐकविण्याची रीत अनेक शिक्षकांनी चालू ठेविली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ज्या घरी बोलली जाणारी भाषा पुस्तकातल्या भाषेहून वेगळी आहे, त्या घरच्या मुलाला प्रमाण उच्चार पुनःपुन्हा ऐकावयास मिळणे फार मोलाचे असते. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गेलेल्या मुलाच्या बाबतीत तर फोनमधला गुरुजींचा आवाज हीच काही महिने त्याची शाळा असते. तेव्हा तो आवाज कसा मुद्रित होतो, हा प्रश्न हौसेचा नसून अध्यापनाचा आहे.

हल्ली दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास कंडेन्सर मायक्रोफोन मिळू लागले आहेत व अनेक शिक्षकांनी ते पदरचे पैसे घालून घेतलेही आहेत. काहींची तक्रार अशी की, हा मायक्रोफोन घेतल्यापासून मुद्रण सुधारण्याऐवजी बिघडले. पूर्वी ऐकू न येणारी कोंबडी, मोटारसायकल व शेजारच्या घरातील भांडी आता पाठात ऐकू येतात. ही तक्रार खरी आहे. तिचे कारण समजून घेण्यासाठी ह्या उपकरणाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

कंडेन्सर म्हणजे विद्युत्‌भार साठविणारे धारित्र. दोन पट्टिका जवळजवळ ठेवल्या व त्यांवर विद्युत्‌भार बसविला म्हणजे धारित्र तयार होते. ह्या मायक्रोफोनमध्ये एक पट्टिका स्थिर असते. दुसरी म्हणजे अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा, धातूचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. आवाजाने पापुद्रा कंप पावतो, दोन पट्टिकांतील अंतर बदलते, आणि त्या बदलाबरोबर विद्युत्‌दाब बदलतो. अमेरिकेतील ई. सी. वेंटे ह्यांनी १९१६ साली असा मायक्रोफोन तयार केला. पुढे १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट ह्यांनी पापुद्र्यावर विद्युत्‌भार कायमचा बसविण्याची युक्ती शोधून काढली. त्यास इलेक्ट्रेट म्हणतात. आपल्या फोनमधील मायक्रोफोन आज स्वस्त झाला, तो त्या मार्गावरील प्रगतीमुळेच. आणि बाजारातील बहुतेक स्वस्त 'कंडेन्सर' आतून इलेक्ट्रेटच असतात. ह्यात फसवणूक नाही. इलेक्ट्रेट हा कंडेन्सरचाच प्रकार होय.

सभेत किंवा आरतीत हाती धरावयाच्या मायक्रोफोनमध्ये पापुद्र्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते. ते जड असल्याने बारीक कंप त्याला तितकेसे हलवू शकत नाहीत. कंडेन्सरचा पापुद्रा मोकळा व हलका असल्यामुळे 'स', 'श', 'च' ह्यांतील घर्षण व महाप्राणांतील श्वास तो स्पष्ट टिपतो. आपल्याला तो हवा आहे तो ह्याच गुणासाठी.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. कंडेन्सर 'लांबचे ऐकतो' असे म्हणण्याचा प्रघात आहे. खरे पाहता तो लांबचे व जवळचे दोन्ही सारखेच अधिक ऐकतो. त्यामुळे आवाजाची पातळी, म्हणजे गेन, कमी केल्याने कोंबडी जात नाही. कोंबडी व गुरुजी दोघेही एकदमच लहान होतात. दोघांतील प्रमाण बदलावयाचे असेल तर उपाय एकच, तो म्हणजे अंतर. बोलणारा व मायक्रोफोन ह्यांतील अंतर निम्मे केले की थेट पोचणारा आवाज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा व बाहेरचा गलका मात्र आहे तेवढाच राहतो. ८० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आलो तर हा लाभ १२ डेसिबलचा होतो. कोणतेही महागडे यंत्र इतका लाभ इतक्या सहज देत नाही.

म्हणून अंतराचे माप ध्यानात ठेवावे : तोंड व मायक्रोफोन ह्यांमध्ये एक वीत. वितीहून फार जवळ जाऊ नये. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ बोलल्यास खर्जाचे स्वर अवाजवी फुगतात, आवाज ढोलासारखा होतो व शब्द गुदमरतात. पुरुष शिक्षकांस हा अनुभव लवकर येईल. आकाशवाणीवरील निवेदकासारखा भारदस्त आवाज ऐकून मन सुखावते खरे, पण दुसरीच्या मुलाला भारदस्तपणा नको, अक्षर हवे आहे.

आता खोलीविषयी. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी अडथळा किमान १७.२ मीटर दूर असावा लागतो, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकातून शिकवीत आलो आहोत. घराची खोली तीन-साडेतीन मीटरची. तेथे परावर्तित आवाज एक-दोन शतांश सेकंदातच परत येतो व मूळ शब्दात मिसळतो. ह्यालाच निनाद म्हणतात. खोलीत बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही, कारण दोन कानांच्या साहाय्याने मेंदू समोरच्याचे बोलणे निवडून घेतो. मायक्रोफोनला एकच कान आहे व मेंदू नाही. तो भिंतीचेही बोलणे टिपतो, आणि एकदा शब्दावर चढलेला निनाद मागाहून उतरविणे जवळजवळ अशक्य असते. गोंगाट एक वेळ कमी करता येतो, निनाद नाही. म्हणून खोलीची निवड सर्वांत महत्त्वाची.

खोलीची परीक्षा टाळी वाजवून करावी. टाळीनंतर झणकार उरला तर ती खोली सोडावी. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, फरशी व पत्रा असलेली दिवाणखान्याची खोली बहुधा सर्वांत वाईट ठरते. धान्याची पोती, अंथरुणाच्या वळकट्या व जुने कपडे ठेवण्याची अडगळीची खोली सर्वांत चांगली. पाहुण्यांस दाखवावयास लाज वाटते तीच खोली येथे उपयोगी पडते! तशी खोली नसेल तर गोधड्या व घोंगड्या टांगाव्यात. मात्र त्या कोठे टांगावयाच्या ह्याविषयी बहुतेकांची चूक होते. मायक्रोफोन ज्या बाजूने ऐकतो ती बाजू बोलणाऱ्याकडे असते. म्हणजे त्याला दिसते ती बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. पहिली गोधडी तेथे हवी, मायक्रोफोनच्या मागे नव्हे. दुसरी मिळाल्यास डाव्या-उजव्या बाजूस लावावी.

गोधडी भिंतीला चिकटवू नये. वीतभर पुढे दोरीवर टांगावी. ह्यास कारण आहे. आच्छादन ज्या अंतरावर तरंगलांबीचा चौथा भाग गाठते, तेथे ते चांगले काम करते. दर सेकंदास १००० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे वीतभर अंतरावरील गोधडी बोलण्यातील मधले व तीव्र स्वर नीट शोषून घेते. १०० कंपनांच्या खर्जासाठी मात्र हेच अंतर ८६ सेंटिमीटर होते, व ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. सुदैवाने व्यंजनांची ओळख पटविणारा भाग बहुतांशी वरच्या स्वरांत असतो. बाजारात मिळणारे स्पंजाचे पातळ नक्षीदार चौकोन ह्या कामी गोधडीपेक्षा कमीच उपयोगी पडतात. त्यांवर पैसे खर्च करू नयेत.

मायक्रोफोनसोबत येणारी छोटी तिवई टेबलावर ठेवून बोलणे सोयीचे वाटते. तथापि टेबलाच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आवाज थेट आवाजाच्या मागोमाग पोचतो. तो २० सेंटिमीटर अधिक चालून आला असेल, तर ८६० कंपनांच्या आसपासचे स्वर एकमेकांस छेदतात व आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. टेबलावर जाड घोंगडी चौघडी घालून पसरली म्हणजे हा दोष पुष्कळ कमी होतो. शिवाय पानांची हालचाल, कोपराचा धक्का व टेबलाचा कंप मायक्रोफोनपर्यंत जात नाही.

मायक्रोफोनची समोरची बाजू कोणती, हेही एकदा तपासून घ्यावे. ह्या प्रकारात बहुतेकदा टोकातून नव्हे, तर कुशीतून बोलावयाचे असते, आणि अनेक जण वर्षभर त्याच्या टाळूवर बोलत राहिलेले आढळतात. एकच वाक्य चारी बाजूंनी व वरून बोलून मुद्रित करावे व ऐकावे. जेथे आवाज सर्वांत भरीव व स्वच्छ, ती समोरची बाजू. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूस ह्याचा कान सर्वांत मंद असतो. म्हणून रस्त्याकडील खिडकी बोलणाऱ्याच्या समोर, मायक्रोफोनच्या पाठीशी येईल अशी बैठक मांडावी.

आता महाप्राणांकडे वळू. 'प', 'फ', 'ब', 'भ' ह्यांच्या उच्चारात ओठांतून हवेचा झोत सुटतो. तो पापुद्र्यावर आदळला म्हणजे 'धप्' असा आवाज येतो. ते टाळण्यासाठी मागे सरकावे तर महाप्राणाचा श्वास खोलीत हरवतो, आणि पुन्हा 'भात'चा 'बात' होतो. दोन्ही दोष टाळण्याची युक्ती सोपी आहे. भरतकामाच्या लाकडी कड्यावर मलमलीचे किंवा जुन्या पातळ मोज्याचे एकेरी कापड ताणून बसवावे व ते मायक्रोफोनपुढे चार बोटे अंतरावर उभे करावे. आवाज कापडातून जातो, हवेचा झोत तेथेच फुटतो. सोबत मिळणारी स्पंजाची टोपी उघड्यावरील वाऱ्यासाठी बरी. ओठांच्या झोतास ती पुरी पडत नाही.

दुसरी गोष्ट, मायक्रोफोनवर थेट न बोलता थोडे बाजूने बोलावे. तोंड सरळ समोर ठेवून मायक्रोफोन ३०-४० अंश तिरका, गालाच्या रेषेत ठेवावा. ह्याने झोत बाजूने निघून जातो व आणखी एक लाभ होतो. स्वस्त मायक्रोफोनमध्ये तीव्र स्वर मुळातच चढे असतात. मोठ्या पापुद्र्याच्या कित्येक स्वस्त उपकरणांत जुन्या जर्मन मायक्रोफोनच्या ध्वनिग्राहक भागाची नक्कल असते. मूळ यंत्रात त्या भागाचे चढे स्वर उतरविणारी जोडणी होती. नकलेत ती गाळलेली असते. त्यामुळे 'सशाने', 'शिस्त', 'चष्मा' असे शब्द कानाला टोचतात. तिरक्या बैठकीने ही धार आपोआप बोथट होते.

पातळी ठरविताना पाठातील सर्वांत मोठ्याने म्हणावयाचे वाक्य म्हणून पाहावे. संगणकावरील मापकाचे शून्य म्हणजे छत होय. तेथे डोके आपटले की आवाज फाटतो व तो मागाहून शिवता येत नाही. मोठ्यात मोठा शब्द उणे ६ च्या खाली राहील, नेहमीचे बोलणे उणे १८ ते उणे १२ च्या आसपास असेल, अशी योजना करावी. फोन किंवा संगणकात पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असल्यास ती बंद करावी. ती चालू असली की आपण थांबताच यंत्र शांतता मोठी करू पाहते, आणि दोन शब्दांमधील जागेत पंखा व रातकिडे उसळून वर येतात. श्रुतलेखनात तर अशा जागाच अधिक.

जोडणीविषयी थोडक्यात. ह्या मायक्रोफोनला वीज लागते. यूएसबीचा असेल तर ती संगणकाकडून मिळते. तीन टोकांच्या जाड जोडणीचा असेल, तर ४८ व्होल्टचा 'फँटम' पुरवठा करणारी छोटी पेटी घेणे इष्ट. फोनच्या किंवा संगणकाच्या लहान छिद्रातून मिळणाऱ्या अपुऱ्या विजेवर कित्येक मायक्रोफोन कुजबुजल्यासारखे चालतात व पातळी वाढविली की खरखर वाढते. फोनच्या छिद्रात चार भागांची, म्हणजे तीन काळ्या कड्यांची पिन लागते. दोन कड्यांची पिन घातल्यास फोन स्वतःच्याच मायक्रोफोनने मुद्रण करीत राहतो आणि आपणास त्याचा पत्ताही लागत नाही. मायक्रोफोनवर नखाने हळूच खाजवून पाहिले म्हणजे खरे काय ते कळते.

मुद्रणात सतत 'हूं' असा गुंजारव येत असेल तर तो आपल्या ५० कंपनांच्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. बहुधा तेवढ्याने तो जातो. पंखा, शीतकपाट व नळीचा दिवा बंद करावा. गावातील वीज जाते ती वेळ साधली तर फारच उत्तम. भारनियमनाबद्दल आपण एरवी कुरकुर करतो, पण शेजारपाजारचे पंखे, दूरदर्शनसंच व पिठाची गिरणी एकदम मूक होण्याचा तो क्षण ध्वनिमुद्रण करणाऱ्याने वाया घालवू नये.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दहा सेकंद न बोलता, न हलता थांबावे. ऑडॅसिटी नावाची विनामूल्य संगणकप्रणाली त्या शांततेचा नमुना घेऊन उरलेला गोंगाट कमी करते. ही सोय बेताने वापरावी. महाप्राणातील श्वास व पंख्याचा आवाज हे दोन्ही मूलतः वाऱ्याचेच सुस्कारे असल्यामुळे प्रणालीला त्यांतील भेद नीट कळत नाही. गोंगाट पुरता नाहीसा करावयास जावे तर 'भ', 'घ', 'ध' ह्यांचा श्वासही धुऊन निघतो, आणि पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज उरतो. थोडासा गोंगाट राहिला तरी चालेल. ८० कंपनांखालील भाग गाळून टाकणे मात्र निर्धोक आहे. शिक्षकाच्या बोलण्यात त्याचे काही काम नसते.

मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात, एकपदरी, सेकंदास ४४,१०० नमुन्यांचे ठेवावे. मिनिटास सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. पालकांना पाठविण्याची प्रत एमपी-३ स्वरूपात केली तर मिनिटास अर्धा मेगाबाइट पुरतो. व्हॉट्सॲपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी, म्हणजे वाटेत आणखी दाबली जात नाही.

आणि पाठविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नये. काय म्हटले ते आपल्याला ठाऊक असल्यामुळे आपण नेहमीच बरोबर ऐकतो. धार–दार, घार–गार, भात–बात, झाड–जाड, वेळ–वेल, मण–मन ह्या जोड्या उलटसुलट क्रमाने मुद्रित कराव्यात, साध्या फोनच्या लहान कर्ण्यावर वाजवाव्यात, आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलास लिहावयास सांगाव्यात. मुलाच्या चुका म्हणजे आपल्या मुद्रणाचे गुणपत्रक.

अध्यापनाबाहेरचाही एक उपयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. जात्यावरच्या ओव्या ज्यांना मुखोद्गत आहेत अशा वृद्धा अजून काही गावांत आहेत. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. तो संग्रह आता 'पारी' ह्या संकेतस्थळावर उपलब्ध होत आहे. आपल्या गावची ओवी त्यात असेलच असे नाही. लेखकाने २०१९ साली आपल्या आत्याच्या ओव्या फोन हातात धरून, ओसरीत, पंख्याखाली मुद्रित केल्या. २०२१ मध्ये आत्या वारली. त्या मुद्रणात चाल कळते, पण निम्म्या ओव्यांचे शब्द लागत नाहीत, आणि आता विचारावयाचे कोणाला?

ओव्या मुद्रित करताना मायक्रोफोन जात्याकडे नव्हे, तोंडाकडे वळवावा. दळणारी बाई पुढे-मागे झुलते. म्हणून वितीऐवजी हातभर अंतर ठेवावे, नाहीतर आवाज जवळ-दूर होत राहतो. तिवई जात्याच्या जमिनीवर थेट न ठेवता घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवावी. घरघर जमिनीतून चढते ती तेथे अडते. हवेतून येणारी घरघर खुशाल राहू द्यावी. ती त्या गाण्याचाच भाग आहे. मुद्रणास संमती अगोदर घ्यावी, आणि ओव्या संपल्यावर त्यातील अनोळखी शब्दांचे अर्थ त्याच बैठकीत विचारून तेही मुद्रित करावेत.

काम झाले की मायक्रोफोन पुसून डबीत ठेवावा. पापुद्र्याचा शत्रू म्हणजे दमटपणा व धूळ. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात ओल धरली की त्यातून तडतड ऐकू येऊ लागते. अशा वेळी तो बिघडला असे समजून टाकू नये, दोन दिवस कोरड्या जागी राहू द्यावा. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून तो ठेवला तर हा त्रास सहसा होत नाही. चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर फुंकर मारण्याची सवय मुलांना व सरपंचांनाही असते. त्यांना नम्रपणे थांबवावे.